मोजायची राहिलेली दोन घरं

चिमवेमवे, कित्वे
शनिवार, ११ ऑक्टोबर १९८६

प्रिय लुबुतो,

तू बरी असशील असं धरून चालतो. आईंचा गुडघा आता कमी दुखत असेल. शाळेत परीक्षा आल्या असतील आणि नववीच्या मुली गणित घेऊन तुझ्यामागे लागल्या असतील. माझं ठीक आहे. सध्या आत्याकडे आहे. पत्र्याखाली इतकं तापतं की दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही. काल मक्याची न्शिमा आणि कपेंटा माशांची सुकट होती. आत्या म्हणते, मी दोघांचं जेवतो आणि एकाचंही काम करत नाही.

झालं क्षेमकुशल. आता तुझ्या कानावर आलंच असेल ते. मुबांगानं चोरी केली.

केली. शुक्रवारी दुपारच्या पाळीच्या पिंजऱ्यातून खाणीत उतरलो, पंपघरातल्या पेटीचं झाकण उघडलं, इंजिनियर सिकाझ्वेनं बसवलेली चिप उपटली आणि वर आलो. ती आत्ता माझ्या उशाशी आहे, सिगारेटच्या चांदीत गुंडाळून तंबाखूच्या डबीत ठेवलेली.

वस्तीत लोक काय म्हणतात तेही ऐकलंय. सिकाझ्वेकडचा मध्यस्थ शिबुकोम्बे लग्नाच्या मागणीची झाकलेली ताटली घेऊन तुमच्या दारात आला, तुमच्या माणसांनी ती ठेवून घेतली, आणि म्हणून मुबांगाचं डोकं फिरलं. डोकं फिरलंय, त्यावर वाद नाही. पण चिप त्यासाठी काढलेली नाही. हे तुला पटेल की नाही, मला माहीत नाही. पटवायला वेळही नाही.

आत्यानं डबी उघडून बघितली. म्हणाली, "एवढ्याशा किड्यासाठी दोन रखवालदार माझ्या दारात येऊन गेले?"

"आत्या, हा किडा खाणीतले पंप चालवतो."

"मग पंपच आणायचास. विकता तरी आला असता."

तिला समजावायला बसलो. म्हटलं, याला आपली भाषा कळत नाही, फक्त आकडे कळतात. आपण आधी हुकूम लिहायचे: पाणी बघ, चढलं असेल तर पंप लाव, नसेल तर मागं जाऊन परत बघ. मग तक्त्यात शोधून एकेका हुकुमाचा आकडा काढायचा आणि पेन्सिलीनं एकेका घरात मांडायचा.

"हे करायला यंत्र नाही?"

"आहे. परदेशात. ते आणायला सरकारकडे परकीय चलन नाही."

"म्हणजे माणसंच करतात. मग चुकणारच की."

बघ. जे माझ्या आत्याला कळतं ते आपल्या इंजिनियर साहेबांना कळत नाही. म्हणून तर आपल्या प्रयोगशाळेत नियम होता: एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं उलटं वाचायचं. मूळ हुकूम न बघता नुसत्या आकड्यांवरून हुकूम परत काढायचे आणि मग ताडून बघायचे. मी शेवटच्या वर्षी मास्तरांच्या टेबलावर तक्ता आपटून कॉलेज सोडलं, पण तो नियम सोडलेला नाही.

गुरुवारी खाली चाचणी झाली. पाणी आधीच चढलेलं होतं. पेटी चालू केली, पंप लागला, टाळ्या पडल्या. पाणी उतरलं, पंप थांबला, परत टाळ्या. मग सगळे वर जेवायला. पाणी दुसऱ्यांदा चढेपर्यंत तिथं कोण थांबतो? वर आल्यावर सिकाझ्वेनं कागद कपाटात ठेवायला माझ्याकडे दिले. मी ते वाचले. बराच वेळ वाचले. मग त्याच्याकडे गेलो.

"एक आकडा चुकलाय. पाणी दुसऱ्यांदा चढेल तेव्हा पंप लागणार नाही."

"चाचणी झाली, मुबांगा."

"दुसऱ्यांदा करा."

"पाणी परत चढायला दोन-तीन तास जातात. तेवढा वेळ मला कोण देणार?"

"मग कागद वाचा."

"वाचलाय."

"लिहिला कोणी आणि वाचला कोणी?"

यावर त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि म्हणाला, "तुला पंपाचं दुखत नाहीये. दुसरंच कुठंतरी दुखतंय." अख्ख्या कार्यशाळेसमोर. मी त्याची कॉलर धरली. तिथून पुढं माझं कोण ऐकणार? हातघाईवर आलेल्याचं म्हणणं कोणी ऐकून घेत नाही, हे मला आजवर किती वेळा कळलंय, पण नेमकं कॉलर सोडल्यावर कळतं.

पेटी एकच आहे आणि ती खाली आहे, त्यामुळे वर टेबलावर मांडूनही दाखवता येत नाही. जे काही आहे ते कागदावर. सोमवारी सकाळी हातानं पंप चालवणाऱ्या पंपवाल्यांना वर बोलावणार आणि सगळं त्या पेटीच्या भरवशावर सोडणार. आणि सोमवारपासून पंपघराच्या खालच्या थरावर कोणाची टोळी लागतेय, हे मी तुला सांगायला नको. तुझा भाऊ कलाबा सकाळी तुमच्याच घरातून डबा घेऊन निघतो.

मी तुला माझा अर्थ सांगत नाही. फक्त आकडे देतो:

DB 01 E6 04 28 FC

उलटं वाच. वर्गात तुझ्याइतकं स्वच्छ वाचणारं कोणी नव्हतं. तक्ता तुझ्याकडे असेलच. काय दिसतं ते लिही आणि आत्याच्या भजीच्या टोपलीत टाक. ती बाजारात असते.

तुझा (हा शब्द मी खोडणार नाही),
मुबांगा

•

चिमवेमवे
रविवार दुपार

लुबुतो,

चिठ्ठी मिळाली. "वाचलं. आकडे बरोबर आहेत. चिप परत कर आणि माझ्या आईसमोर उभं राहता येईल असं काहीतरी शिल्लक ठेव." बस. खाली नावसुद्धा नाही.

चिठ्ठी वाचून मी आत्याची मुनकोयोच्या आंबिलीची बादली लाथाडली. तिनं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुझ्या रागाला दोन बायका लागतील. एक ऐकायला आणि एक पुसायला." अंगण पुसलं. पुसता पुसता ठरवलं की काल जे लिहायचं टाळलं, ते आज लिहायचं.

तुला बरोबर दिसणारच. ते तूच लिहिलंयस.

त्या कागदांच्या तळाशी सही सिकाझ्वेची आहे, पण आकडे तुझे. तुझा आठ मी ओळखणार नाही? एका गोळ्यावर दुसरा गोळा ठेवल्यासारखा, मध्ये बारीक फट सोडलेला. त्यानं हुकूम लिहून दिले असतील आणि तू संध्याकाळी शाळेतून आल्यावर तक्ता घेऊन बसली असशील. त्यात वाईट काही नाही. वाईट एवढंच की त्यानं उलटं वाचलं नाही. तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. गुरुवारी मी त्याला विचारलं, लिहिला कोणी आणि वाचला कोणी, तेव्हा त्यानं कागद माझ्या हातातून का घेतला हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी कॉलर धरली.

आता खरं सांगतो, आणि हे सांगताना मला माझीच किळस येतेय. शेवटचा आकडा चुकलेला दिसला तेव्हा आधी मला आनंद झाला. सिकाझ्वे चुकला! वाटलं, हा कागद घेऊन सरळ तुमच्या अंगणात उभं राहावं आणि तुझ्या मामांसमोर तो उघडावा. मग नजर आठावर गेली.

तुझं नाव घेतलं असतं तर सगळ्या खाणीत झालं असतं की इंजिनियरचं काम त्याची होणारी बायको घरी बसून करते, आणि तेही चुकीचं. शाळेत झालं असतं. म्हणून काल फक्त त्याच्यावर ढकललं. तो बुडाला असता तर मला चाललं असतं. तू कोरडी राहिली असतीस आणि मी शहाणा ठरलो असतो. असा हिशेब होता.

तुझी चूक कुठं आहे ते आता ऐक. पाणी बघायचं, चढलं नसेल तर मागं उडी मारून परत बघायचं. मागची उडी मोजताना उडीची स्वतःची दोन घरं, 28 आणि FC, धरायची असतात. मागं मोजत जाताना शेवटचं घर एफ-एफ, त्याच्या आधीचं एफ-ई, मग एफ-डी, एफ-सी, एफ-बी, आणि पहिलं एफ-ए. तू उडीची दोन घरं सोडून त्याच्या आधीच्या घरापासून मोजायला लागतेस. म्हणून तुझं उत्तर एफ-सी आलं. प्रयोगशाळेतही तू हेच करायचीस आणि मी उलटं वाचून पकडायचो. दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे जेवायला आलो होतो, आठव. तू सगळ्यांची मोजून ताटं मांडलीस, सगळे बसले, आणि तू भांड्यापाशी हात धुऊन उभी. ताट कमी पडलं होतं. आई म्हणाल्या, "या मुलीला स्वतःला धरून मोजता येत नाही." सगळे हसले. मी हसलो नाही, एवढं तुला आठवत असेल तर बरं.

दोन घरं कमी, म्हणून ती उडी पाणी बघायच्या हुकुमापर्यंत पोचतच नाही. त्याच्या पुढच्याच हुकुमावर पडते. म्हणजे पेटी पाण्याकडे एकदा बघते, पाणी खाली असतं, आणि मग परत बघतच नाही. एकदा पाहिलेलं तेच घोकत बसते: पाणी खाली आहे, पाणी खाली आहे. पाणी छताला लागलं तरी तेच. मीही सध्या एकदा पाहिलेलं तेच घोकत बसतो, म्हणून मला ती चूक लगेच ओळखता आली असेल.

आता तू स्वतः परत वाचू नकोस. लिहिणाऱ्याला आपण काय लिहिलंय ते दिसत नाही, काय लिहायचं होतं ते दिसतं. सिकाझ्वेला वाचायला दे. आजच. तुझे कागद देऊ नकोस. दुसऱ्या कोऱ्या कागदावर नुसते आकडे छापील अक्षरात उतरवून दे आणि त्याला मोठ्यानं उलटं वाचायला सांग. तुझं अक्षर समोर आलं की माणूस वाचत नाही, नुसता बघत बसतो. मला माहीत आहे.

तो मूर्ख नाही. हे लिहिताना हात जड झाला, पण नाही. वाचलं तर त्याला दिसेल.

पण त्यानं आजच वाचायला हवं. आज दुपारी तो कॉलेजात जाऊन त्याच कागदांवरून दुसरी चिप भरणार आहे. म्हणजे मी एक पळवून काही थांबवलं नाही. उद्या सकाळी दुसरी खाली जाईल. ही गोष्ट मला काल रखवालदार गेल्यावर सुचली. मी आधी उपटतो, मग विचार करतो.

उद्या सकाळची पाळी उतरताना मी फाटकावर येतो. डबी खिशात असेल. तुम्ही काही केलं नसेल तर पिंजऱ्याच्या दारात आडवा पडेन. मग मला उचलून कुठंही टाकू देत.

माझ्याकडे बघून गप्प राहू नकोस. त्याच्याकडे बघूनही नको. कलाबाच्या डब्याकडे बघ.

मुबांगा

•

चिमवेमवे
गुरुवार, १६ ऑक्टोबर

लुबुतो,

सगळे सुखरूप आहेत हे तुला कलाबानं सांगितलंच असेल. तरी खाणीच्या कॅप्टनच्या खोलीत काय झालं ते कलाबाला माहीत नाही, आणि सिकाझ्वे सांगणार नाही. त्याचा तो स्वभाव नाही. म्हणून मी लिहितो.

सोमवारी फाटकावर मला दोघांनी दंडाला धरलं आणि कॅप्टन न्यीरेंडांच्या खोलीत नेलं. तुला कल्पना नसेल, पण त्यांना खाणीत सगळे घाबरतात. सिकाझ्वे आधीच तिथं उभा होता. टेबलावर तुझे कागद. त्याच्या हातात तू दिलेला नुसत्या आकड्यांचा कागद, आणि डोळे असे की रविवारपासून मिटलेच नसावेत. मी शिव्यांची तयारी करून आलो होतो. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

"साहेब, मुबांगाचं बरोबर आहे," तो म्हणाला. "आकडा चुकलाय. दुसरी चिप मी खाली पाठवलेली नाही."

कॅप्टननी विचारलं, "चुकला कोणाचा?"

आणि लुबुतो, त्यानं काय केलं माहीत आहे? टेबलावरच्या कागदांवर तळहात ठेवला. आकडे झाकले. म्हणाला, "माझा."

मला इतका राग आला! ते मी करायचं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "खोटं आहे. आकडे चिपमध्ये मी भरले. भरताना मी चुकलो."

कॅप्टननी चष्मा काढला. "गुरुवारी एका चुकीला मालक मिळत नव्हता. आज दोन-दोन गिऱ्हाइकं! लिलाव करू का?"

तेवढ्यात फोन वाजला.

मी फक्त त्यांची बाजू ऐकली, म्हणून तीच लिहितो. "बोला... कोण बाई?... कुठल्या शाळेतून?... हं... हं... तुम्ही लिहिलंत?... हो, दोघंही इथंच उभे आहेत. हो, दोघंही तेच म्हणतायत... नाही, हसत नाहीये मी, बाई." मग ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. "नाही," ते म्हणाले. "नाही, ते मी विचारलं नाही. थांबा." रिसीव्हर हातात तसाच धरून ते ओरडले, "पंपवाले खाली आहेत की वर आलेत?"

कोणालाच माहीत नव्हतं.

सिकाझ्वे माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे. पंपवाले पाळीबरोबर वर आले होते. चिप पेटीत नाही, पंपावर माणूस नाही, खाली कलाबाची टोळी, आणि आम्ही दोघं इथं चूक कोणाची यावर भांडतोय. दोघंही तुझ्यासाठी! कॅप्टननी खालच्या फोनवर जी भाषा वापरली ती शिक्षिकेला लिहून कळवण्यासारखी नाही. पंपवाले पळत पिंजऱ्यात चढले. पाणी खुणेच्या वर गेलं होतं, पण टोळीपर्यंत पोचलं नव्हतं. कलाबाचे फक्त बूट भिजले. तो तुला म्हणाला असेल की घामानं भिजले.

मग कॅप्टन आमच्याकडे वळले. "त्या बाईनं मला एकच प्रश्न विचारला, आणि तो तुम्हा दोन शूरांपैकी एकालाही सुचला नाही. ती परत लिहील. स्वतःच्या नावानं. सिकाझ्वे, तू वाचशील, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून. जोवर पाणी दोनदा चढून पंप आपोआप लागत नाही, तोवर पंपवाले जागचे हलणार नाहीत." मग माझ्याकडे बघून, "तू बरोबर होतास. आणि खालची पेटी परवानगीशिवाय उघडलीस. पहिल्यासाठी आभार, दुसऱ्यासाठी घरी जा. उद्यापासून फाटकाच्या आत दिसू नकोस."

भांडलो नाही. स्वतःचंच नवल वाटलं. डबी टेबलावर ठेवली. बाहेर पडताना सिकाझ्वे मागून आला. मला वाटलं, आता कॉलरचा हिशेब होणार. तो म्हणाला, "मला वाचायला हवं होतं. ती लिहिते तेव्हा मला वाचावंसं वाटत नाही, मुबांगा."

"माहीत आहे," मी म्हटलं. एवढंच.

काल दुसरी चाचणी होती. मला आत येता येत नव्हतं, म्हणून रस्त्यापलीकडं जॅकरंडाखाली उभा राहिलो. सकाळपासून उभा होतो. खांद्यावर, डोक्यावर जांभळी फुलं पडत होती आणि आत-बाहेर करणारे हसत होते: "नवरदेव आला!" कोणाला काही विचारायची हिंमत होत नव्हती. पाळी सुटली आणि गर्दीत कलाबा दिसला. त्यानं मला बघितलं, थांबला, मुद्दाम हळू चालत आला.

"काय रे चोरा?"

"सांग."

"काय सांगू?"

"कलाबा, मी मारेन तुला."

"दुसऱ्यांदा लागला," तो म्हणाला. "कोणी हात लावला नाही. आम्ही सगळे बघत होतो. पाणी चढलं आणि लागला. तिसऱ्यांदाही लागला."

मी खाली बसलो. मातीत. त्यानं माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की अजून वळ आहे. म्हणाला, "ताईचं लग्न आहे. ती तुला बोलावत नाहीये, मी बोलावतोय. येशील?"

येणार नाही, लुबुतो. उद्या सकाळच्या बसनं न्दोलाला जातोय. तिथं रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान आहे, मालक आत्याच्या ओळखीचा. आत्यानं त्याला आधीच सांगून ठेवलंय की पोरगं हुशार आहे, फक्त बादल्यांपासून लांब ठेवा.

तुला दूषण द्यायला लिहीत नाही. तू मोजलंस, विचारलंस आणि सगळ्यांना सावध केलंस. आम्ही दोघं नुसते उभे होतो. सिकाझ्वे माझ्यापेक्षा चांगला आहे असं मी अजून म्हणणार नाही. पण त्यानं आकड्यांवर ठेवलेला तळहात मी पाहिलाय, आणि तो मला ठेवायला सुचला नव्हता. मला बोलायचं सुचलं होतं.

आईंना नमस्कार. त्यांच्यासमोर उभं राहायला मला अजून थोडा वेळ लागेल.

हे पत्र तू त्याच्यासमोर बसून वाचलंस तरी चालेल. असं पत्र मी तुला पहिल्यांदाच लिहितोय, आणि म्हणून हेच शेवटचं.

मुबांगा